मार खाण्याची कमाई

व्हर्लीन टॅकेटचं आयुष्य पोरांची हाडं जागेवर बसवण्यात गेलं. अमेरिकेत, केंटकीच्या डोंगरातल्या एका लहान कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे उपचार तीच बघायची. खांदा निखळला, गुडघा फाटला की मैदानात पहिली तीच धावायची.

दर सप्टेंबरात हा संघ एखाद्या बलाढ्य विद्यापीठाच्या मैदानावर मार खायला जाई. यजमानांना फुकटचा विजय मिळे, कॉलेजला घसघशीत चेक. त्या चेकच्या जोरावर, आपला क्रीडाविभाग नफ्यात आहे, असं संचालक डेल हॉबगुड गावभर सांगत फिरे.

त्या शनिवारी मध्यंतराआधीच एका क्वार्टरबॅकचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचं, गळ्याजवळचं हाड मोडलं. मग दुसऱ्याच्या, कीशॉन मॅब्रीच्या हनुवटीखाली दीडशे किलोचा गडी घुसला. डोकं आपटल्याचा आवाज बाकापर्यंत आला. कीशॉन उठला आणि समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला.

व्हर्लीनने त्याला ओढत आणलं आणि त्याचं हेल्मेट काढून काखोटीला मारलं. तिच्या कामातली ही जुनी रीत. तोंडी मनाईला कुणी भीक घालत नाही. पण ज्याच्या त्याच्या मापाचं हेल्मेट नसलं की पंच आत सोडत नाहीत.

"द्या ना, मिस व्हर्लीन." कीशॉनच्या तोंडातून रक्त गळत होतं.

"आज वार कोणता?"

"मॅचचा."

"हुशार आहेस. बस खाली."

डेल धावत आला. "फेकायला कुणी उरलं नाही! सामना अर्धवट सोडला तर चेक विसर. तुझा पगार कुठून येतो, माहितीये?"

"ह्याच्यासारख्या पोरांच्या फीमधून. ती क्रीडाविभागाच्या जमेत धरतोस, म्हणून तर तुझा नफा दिसतो."

"दे ते इकडे!"

त्याने तिचं मनगट पिरगळलं. काही न कळून कीशॉनही झोंबला. त्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं, ओठ फाटला. तिने हिसडा दिला आणि हेल्मेट कठड्यापलीकडे भिरकावलं. गर्दीने ते झेललं, आनंदाने ओरडत वरच्या वर लांब नेलं.

प्रशिक्षकाने बाकावरच्या सडपातळ कोल्टरकडे बोट केलं. "कधी चेंडू फेकलायस?"

"शाळेत, सर."

"मग जा."

दुसऱ्याच खेळीत तिघे त्याच्यावर कोसळले. ढीग बाजूला झाला. कोल्टर उठला नाही.

रक्त थुंकून व्हर्लीन धावली, त्याच्याजवळ गुडघे टेकले.

"पाय हलव रे."

"हलवतोय की," कोल्टर म्हणाला.

त्याचे बूट गवतावर तसेच पडून होते.