दहा मिनिटांचा जाळ

आमच्या आक्काच्या परड्यात गोबरगॅस होता. आक्का म्हणजे माझी थोरली चुलती, पण सगळं गावच तिला आक्का म्हणतं. विटांचं गोल टाकं, वर लोखंडी टोपण, आणि तिथून नळी थेट स्वयंपाकघरात. रोज सकाळी दोन बुट्ट्या शेण पाण्यात कालवून ती आत सोडायची. नळीला कुठं भेग पडली तर आधी तिच्या नाकाला कळायचं. मग तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती परड्यात धावायची. वाया जाणारा गॅस तिला सांडलेल्या दुधासारखा वाटायचा. टाकं बांधलं त्या दिवशी तिनं नव्या शेगडीवर दूध उतू घालवलं होतं, हळदकुंकू वाहून. मी लहान होते, पण ती निळी ज्योत मला अजून आठवते.

मग शहराचं सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प आमच्या गावच्या शिवारात आला. मोजणीची रेघ आक्काच्या परड्यातून गेली आणि जेसीबीनं तिचं टाकं अर्ध्या तासात उखडलं. त्याआधी पंचायतीसमोर सभा झाली होती. आमचं गाव सीमेवरचं, म्हणून साहेबांनी आधी कानडीत सांगितलं आणि कुणाचा गैरसमज नको म्हणून पुन्हा मराठीत सांगितलं, की हा प्रकल्प म्हणजे मोठा गोबरगॅसच आहे. शहराच्या मैल्याचा गाळ बंद टाकीत कुजवायचा, त्यातून गॅस निघणार, आणि बांधालगतच्या सात घरांना तो पाइपनं मिळणार. आक्काला हे लगेच पटलं. पटणारच, तिची सगळी हयात त्यात गेली होती. तिनं कागदावर अंगठा दिला आणि परड्याच्या कोपऱ्यात तात्पुरती म्हणून तीन दगडांची चूल मांडली.

पुढं मी बीएस्सी झाले आणि त्याच प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत लागले, कंत्राटावर. आक्काला कोण आनंद झाला. आपलं माणूस आत गेलं, आता काम होणार. माझं सासरही गावातच, आणि कामावर जायची वाट तिच्या दारावरूनच. धुरानं लाल झालेले डोळे पदरानं पुसत ती विचारायची, "पाइप कवा येतोय गं?" मी सांगायची, येईल, काम चाललंय. वर्षभर माझाही त्यावर विश्वास होता.

नंतर एकदा नमुना घ्यायला मी टाकीवर चढले आणि मला वास आला. आक्काच्या पुतणीला तो वास ओळखता येतो. गॅस जाळायची उंच नळी होती, तिची ठिणगी पाडायची कळ कधीचीच बिघडलेली होती आणि झडप सताड उघडी होती. टाकीत तयार होणारा सगळा मिथेन सरळ आभाळात चालला होता, रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. तो जाळला असता तरी एक वेळ चाललं असतं. न जाळता सोडलेला मिथेन पृथ्वी तापवायला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कित्येक पटीनं भारी. हे मी पुस्तकात शिकले होते आणि साहेबही शिकले होते. मी विचारलं तर म्हणाले, दुरुस्तीचं वर कळवलंय. आणि पाइपचं? तेही कळवलंय.

माझा नवरा शहरातल्या कारखान्यांच्या वसाहतीत, उद्यमबागेत, फौंड्रीत आहे. तो म्हणाला, आमच्या धुराड्यातून जरा काळं निघालं की लोक तक्रार करतात, तुमचा गॅस दिसत नाही म्हणून तुमचं भागतंय. त्याचं बरोबर होतं. त्याच हंगामात साहेब लोकांनी गावात येऊन उसाचा पाला जाळू नका म्हणून तासभर व्याख्यान दिलं. हवामान बिघडतं म्हणे. माझ्या सासऱ्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मला साहेबांच्या खुर्च्या उलथून टाकाव्याशा वाटत होत्या.

मग एक दिवस वरून पाहणी येणार असं ठरलं. त्या दिवशी पहाटेपासून झडप बंद ठेवून गॅस साठवला. पाहुण्यांच्या गाड्या फाटकात शिरल्या तशी रखवालदारानं बांबूला चिंधी गुंडाळून पेटवली आणि नळीच्या तोंडाशी धरली. पुरुषभर उंच जाळ उठला. पाहुणे फोटो काढू लागले. तेवढ्यात साहेबांनी माझ्यापुढं रजिस्टर सरकवलं. ‘ज्वाला’ असा एक रकाना होता आणि तो कित्येक महिने कोराच होता. सगळीकडं ‘चालू’ लिहा आणि सही करा, असं ते हळू आवाजात म्हणाले. कंत्राट वाढवायचा तोच महिना होता. पण माझा हात कुणी धरला नव्हता. मी पानंच्या पानं ‘चालू’ लिहिलं, प्रत्येक पानाखाली सही केली.

मान वर केली तर फाटकात आक्का. ठेवणीतलं इरकल लुगडं नेसलेली, एका हातात दुधाचं पातेलं, दुसऱ्या हातात हळदकुंकवाचा करंडा. परड्यातून तिला जाळ दिसला होता. गॅस आला असं समजून ती नव्या जाळावर पहिलं दूध उतू घालवायला आली होती. पाहुण्यांना हे फारच आवडलं. त्यांनी तिला जाळाच्या पुढ्यात उभं केलं, पातेलं जरा वर धरायला सांगितलं. ती फोटोसाठी हसली. तिला असं हसताना मी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

दहा मिनिटांत साठलेला गॅस संपला आणि जाळ विझला. पाहुणे जेवायला गेले. आक्का उन्हात उभीच होती. पाइप कुठून जोडणार, असं तिनं साहेबांना विचारलं. बघू, म्हणाले. दूध नासायला लागलं तेव्हा ती घरी गेली. मी प्रयोगशाळेच्या खिडकीतून तिला जाताना बघत राहिले, बाहेर आले नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

महिन्याभरानं पाहणीचा कानडीतला अहवाल पंचायतीच्या फळ्यावर लागला. आक्काला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. फळ्यावर स्वतःचा फोटो बघून तिनं सदस्याकडून अहवालाची प्रत मागून घेतली आणि मी कामावरून परतताना मला चुलीपुढं बसवून वाचायला लावलं. मी वाचलं. या प्रकल्पातून वातावरणात मिथेन अजिबात सोडला जात नाही. गॅसचा लाभ शेजारच्या गृहिणींना मिळाला असून त्या समाधानी आहेत. वर पातेलं घेऊन हसणारी आक्का. पुरावा म्हणून मागं रजिस्टराची पानं जोडलेली.

तिनं ती पानं उलटली. खालच्या अक्षरावर बोट ठेवलं. दहावीच्या फॉर्मवर मी पहिल्यांदा सही केली तेव्हा शेजारी तीच बसली होती.

"ही तुझी सही न्हवं गं?"

"व्हय, आक्का."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं कागदाची नीट घडी केली आणि चुलीत सारली. फुंकणीनं फुंकलं, धूर डोळ्यांत गेला, डोळे पदरानं पुसले. मग चहाचं आधण ठेवलं आणि म्हणाली, "च्या पिऊन जा."

दुसऱ्या दिवसापासून मी रजिस्टरात ‘ज्वाला बंद, गॅस हवेत’ असं लिहिते. साहेब ते खोडतात, मी खाली पुन्हा लिहिते. पुढच्या वेळी कंत्राट वाढेल असं वाटत नाही, आणि त्याचं मला फारसं काही वाटतही नाही. येता-जाता आक्का दारात असते. पोरं कशी आहेत विचारते, सासऱ्यांच्या गुडघ्याचं विचारते. पाइपचं विचारत नाही.