मेहुण्यानं धुऊन दिलेली गाडी

आमच्या गाडीची पुढची चाकं माझ्या मेहुण्यानं बिघडवली, असं माझं सलग बारा दिवस ठाम मत होतं.

गाडी वीस वर्षांची, जीपच्या जातीची. एरवी ती मागच्या दोन चाकांवर चालते. चिखल किंवा चढ आला की डॅशबोर्डवरचं गोल बटण फिरवायचं, हिरवा दिवा लागतो आणि पुढची चाकंही जोर लावायला येतात. हे सगळं इलेक्ट्रॉनिक. म्हणजे चालतं तेव्हा का चालतं ते कळत नाही, आणि बंद पडलं की कुणावर ओरडायचं ते कळत नाही. कोथरूडात राहून चारही चाकांची गरज मला वर्षातून एकदाच पडते: दिवाळीसाठी सासूबाईंना वेल्ह्याजवळच्या त्यांच्या घरून आणताना. घर टेकाडावर, रस्ता लाल मातीचा, आणि परतीच्या पावसानं त्याचा झालेला शिरा. (उपमा सासूबाईंची.)

यंदा दसऱ्यानंतर चार दिवसांनी मी सहज बटण फिरवून पाहिलं, तर दिवा नुसताच लुकलुकायला लागला.

"देऊन टाका आता ती गाडी," माझी बायको अलका म्हणाली. "विलास कधीचा मागतोय. वसुबारसेच्या आत दुरुस्त झाली तर ठेवा, नाहीतर ती त्याची."

विलास म्हणजे तिचा धाकटा भाऊ, मार्केट यार्डातला फुलांचा व्यापारी. त्याचं नाव ऐकलं आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली आहे. नवरात्रात विलासनं झेंडू आणायला आमची गाडी नेली होती आणि परत देताना चक्क धुऊन दिली होती! पुण्यात नेलेली गाडी धुऊन परत येते, तेव्हा काहीतरी पुरावा धुतला गेलेला असतो. वर आम्हाला पाच किलो झेंडू. सरळ मनाचा माणूस पाच किलो झेंडू देत नाही. पक्ष: विलासला गाडी हवी आहे. साध्य: त्यानंच ती बिघडवली. सिद्धता तेवढी बाकी होती.

मी फोन लावला. "विलास, गाडी का धुतलीस रे?"

"घाण झाली होती, दाजी."

"कशानं?"

"मातीनं."

"कुठल्या मातीनं?"

"दाजी, माती ती माती. नमुना पाठवू का?"

उत्तर टाळलं होतं. मी वहीत तशी नोंद केली.

गुन्हेगार अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला परत येतो, असा माझा अंदाज. म्हणून गाडीभोवती मी टाल्कम पावडर भुरभुरली (ठसे मिळावेत म्हणून) आणि दुपारी एक ते चार, सगळी सोसायटी झोपते त्या वेळात, पार्किंगमध्ये खांबाआड स्टूल टाकून बसलो. पुढे पेपर, पेपरला भोक. तिसऱ्या दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला: 'बी विंगच्या पार्किंगमध्ये एक संशयास्पद इसम पेपरला भोक पाडून बसला आहे. सर्वांनी सावध राहावे.' मी तत्परतेनं लिहिलं, 'धन्यवाद. मी इथेच आहे, लक्ष ठेवतो.' मग त्या इसमाचा फोटो आला. अलकानं तो चहाच्या वेळी मला दाखवला आणि बिस्किटांचा डबा आत नेऊन ठेवला.

पावडरीत ठसे मिळाले. सगळे माझ्याच चपलेचे.

वसुबारस उद्यावर आली, तेव्हा कुठे मी गाडी कात्रजच्या शिंदे मिस्त्रींकडे नेली. विलासला मुद्दाम बोलावून घेतलं. आरोपी हजर पाहिजे. अलका स्वतःहून आली.

मिस्त्रींनी फ्यूज पाहिले, चारही टायर एकाच मापाचे आहेत ना ते पाहिलं, मग गाडीखाली गेले.

"पुढच्या चाकांची मोटर झ्याक फिरतीय, साहेब," ते खालूनच म्हणाले. "वरनं हुकूमच येत नाय. डबा बघाय लागंल. तुमच्या सीटखाली असतोय. त्योच हिचा मेंदू हाय."

सीट सुटली, डब्याचं झाकण निघालं आणि मिस्त्रींच्या चिमटीत एक सुकलेली पाकळी आली. झेंडूची.

"झालं सिद्ध," मी अलकाला म्हणालो. "मार्केट यार्डचा माल."

"दाजी, पोती मागं टाकली होती मी," विलास म्हणाला. "सीटखालच्या डब्यात झेंडू कोण भरतं?"

मिस्त्री खाली मान घालून एकेक वस्तू काढत होते. "ह्यो तांदूळ. ह्ये कुंकू." मग त्यांनी बोट हुंगलं. "आन् ह्ये दूध हाय का वो? वाईच मधाचाबी वास येतोय."

अलका माझ्याकडे बघायला लागली. दसऱ्याला लोक गाडीच्या बॉनेटला हार घालतात. यंदा मी घरात सगळ्यांना सुनावलं होतं, की बॉनेटची पूजा ही अडाणी पद्धत आहे, पूजा करायची तर मेंदूची करा. मग गाडीचं पुस्तक उघडून मेंदू शोधला, नीट दर्शन व्हावं म्हणून झाकण काढलं आणि एकट्यानं यथासांग पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, विलासच्याच झेंडूचं फूल आणि वर पळीभर पंचामृत.

"उंदरांचं काम असेल," मी म्हणालो.

"असंल की," मिस्त्री म्हणाले. "पर हळद खाली हाय न् कुंकू वर. उंदरानं क्रम चुकवला नाय."

त्यांनी डबा पुसला, हिरव्या पडलेल्या पिना घासल्या, सगळं वाळवलं. बटण फिरवलं, दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. गाडी वाचली. "शब्द तो शब्द, गाडी राहू द्या," अलका म्हणाली, "पण उद्या चालवेल विलास."

दुसऱ्या दिवशी विलासनं सासूबाईंच्या टेकाडावर गाडी एका दमात चढवली. मी मागच्या सीटवर बसून होतो. दिवसभरात त्यानं एक टोमणा मारला नाही, आणि मला खरोखर लाज वाटली. "चुकलं रे माझं," मी म्हणालो. "असू द्या, दाजी," तो म्हणाला.

आता माझा कुणावरही संशय नाही. तो सगळाच्या सगळा घरच्यांनी घेतला आहे. परवा मिक्सर बंद पडला, तर अलकानं प्लग पाहिला नाही, वायर पाहिली नाही. तिनं माझा उजवा हात हातात घेतला आणि बोटं हुंगून पाहिली.