काळ्या मातीचं बूच

माझी गाडी जिथे उभी राहील तिथे तेलाचा डाग पाडायची. लोणारहून सुलतानपूरच्या शाळेत मी तिच्यातूनच जायचे. स्वतःच्या पगारातून घेतलेली, जुनी पण टर्बोवाली डिझेल गाडी. आमच्या घरात गाडी चालवणारी पहिली बाई मी, म्हणून तो डाग फार झोंबायचा. शाळेचे शिपाई काका मी उतरले की गाडीखाली पोतं अंथरायचे. सोबतचे गुरुजी विचारायचे, "मॅडम, गाडीले सर्दी होऊन राह्यली काय?" मी हसायचे आणि आतून जळायचे.

मेकॅनिकने दोनदा तेल अडवणारं सील बदललं. तिसऱ्या वेळी हात पुसत म्हणाला, "आता इंजिनच खोला लागते मॅडम. नाहीतर इकून टाका." दिरांनी लगेच देऊळघाटचं गिऱ्हाईक ठरवलं. ते रविवारी दुपारी येणार होतं. नवराही म्हणाला, "जाऊ दे ना, एसटी हाये." एसटीची वाट त्याला कधी पाहावी लागली होती? मला रडू कोसळलं.

रविवारी सकाळी गाडी शेवटची पुसावी म्हणून बॉनेट उघडलं. तेल मोजायची पट्टी बोटभर वर आलेली दिसली. आदल्या दिवशी मीच ती दाबून बसवली होती. म्हणजे आतून काहीतरी तिला ढकलत होतं. इंजिन चालू करून तेलाचं झाकण सैल केलं, तर भसकन हवा तोंडावर आली. मी मराठी शिकवते, पण कोंडलेली हवा वाट शोधणार आणि सिलांतून तेल बाहेर ढकलणार, एवढं मलाही कळतं. इंजिनाच्या पोटातली ही हवा बाहेर पडायला एक नळी असते. तिचं काय झालं होतं?

तेव्हा आठवलं. गाडी घेतली तेव्हा याच मेकॅनिकने ती नळी, इंजिनात हवा भरणाऱ्या टर्बोकडच्या पाइपातून काढून खाली लोंबती सोडली होती. "तेल टर्बोत जाणार नाही," म्हणाला होता. आमच्या भागात बरेचजण असंच करून घेतात, म्हणून मीही मान डोलावली होती. नंतर पावसाळाभर मी सासऱ्यांचा डबा घेऊन शेताच्या चिखलातून तीच गाडी नेली.

इंजिन बंद करून गाडीखाली शिरले. नळीच्या तोंडात काळी माती वाळून दगड झाली होती. सायकलचा आरा घालून खरवडली, तर बोटाएवढं बूच निघालं. मी अशी ओरडले की नवरा धावतच आला. त्याला वाटलं, गाडी माझ्या अंगावर आली!

नळी धुऊन मूळ जागी बसवली, क्लिप आवळली. दुपारी गिऱ्हाईक आलं. त्यांना चहा दिला आणि सांगितलं, गाडी विकायची नाही. "काऊन वहिनी?" दीर चमकले. मी ते बूच त्यांच्या हातावर ठेवलं.

सोमवारी काकांनी नवं पोतं अंथरलं. शिकवताना मी तीनदा खिडकीतून पाहिलं, मुलंही पाहू लागली. शाळा सुटल्यावर काकांनी पोतं उचलून दोन्हीकडून पाहिलं.

"कोरडंठाक हाये, मॅडम!"

ते पोतं मी काकांकडून मागून घरी आणलं. आता ते आमच्या दारात आहे. दीर आले की त्यावरच पाय पुसून आत येतात.