केळ्यांच्या ग्रुपवरचं सरकार

एखाद्या ग्रुपमध्ये चार माणसं बोलकी असली की किस्से आपोआप साठतात. पण राज्यातलं सरकार डळमळलं त्या आठवड्यात आमच्या गिरीज गावच्या ‘केळी-भाजी’ ग्रुपवर जे साठलं, ते डिलीट करायला माझा हात अजून होत नाही.

एरवी तिथे केळ्यांचे भाव आणि लाइट कधी येणार, एवढंच असतं. त्या सोमवारी इनासने बसचा फोटो टाकला. ‘ब्रेकिंग! फुटलेले आमदार निघाले.’ इनास रिसॉर्टना केळी पुरवतो आणि उरलेला वेळ फॉरवर्ड करतो. फोटो गावभर झाला. मग ॲडमिन मोनिका टीचरनी तो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, ‘इनास, ही आपली वेलंकनीच्या यात्रेची बस. खिडकीत तुझी आई बसलीय.’

टीचर रिटायर झाल्या, पण वर्ग काही सुटला नाही. त्यांनी नियमच काढला, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तेवढंच टाकायचं. ग्रुप दुपारपर्यंत चिडीचूप. मग इनास आला. ‘सरकार पडणार. मी स्वतः पाहिलं. टीव्हीवर.’

आम्ही हसत होतो, पण शुक्रवारी ग्रुपमधले पास्कूकाका अडचणीत आले. रविवारी त्यांच्या मुलीचं, सेलिनाचं लग्न, आणि जेवण त्यांच्या वाडीशेजारच्या रिसॉर्टमध्ये. मॅनेजरने फोन करून सांगितलं, हॉल मेन्टेनन्सला काढलाय. काकांनी ग्रुपवर एवढंच लिहिलं, ‘कुणाला काही माहिती आहे का?’ कधी काही न मागणारा माणूस. वाचून फार वाईट वाटलं.

इनासचं उत्तर आलं, ‘मला आज गेटवरूनच परत पाठवलं. पण केळी दुप्पट घेतली. मेन्टेनन्सवाले एवढी केळी खातात?’

अख्खं राज्य ज्यांना शोधत होतं, ते काकांच्या कुंपणापलीकडे होते! पण ती बातमी कुणी बाहेर पाठवली नाही, कारण सगळे लग्नाच्या तयारीला लागले होते. कुणी मांडव आणला, कुणी टोप, कुणी खुर्च्या. बातम्या पसरवण्यात पटाईत असलेल्या आमच्या ग्रुपने शनिवारी काकांची अख्खी वाडी सजवून दिली.

रविवारी नारळांखाली बँड वाजला, पंगती बसल्या, सेलिना नाचली. काकांचा चेहरा पाहून मलाच भरून आलं. तेवढ्यात इनासचा फॉरवर्ड: ‘ब्रेकिंग! फुटलेल्यांतलेही दोन आमदार आता नॉट रिचेबल. शोध सुरू.’

सगळ्यांनी फोन पाहिले, मग कोपऱ्यातलं टेबल. तिथे कडक पांढऱ्या कपड्यांतले दोन अनोळखी गृहस्थ मान खाली घालून मटण ओरपत होते. त्यांच्यामागे कुंपणाचा एक पत्रा वाकलेला.

टीचरनी तिथल्या तिथे टाइप केलं, ‘मी स्वतः पाहतेय.’

काकांनी चष्मा लावून ते वाचलं आणि सावकाश एकेक अक्षर दाबत उत्तर दिलं.

‘फॉरवर्ड करू नका. पाहुणे जेवतायत.’