वकिलाची नोटीस आणि बाबांचं पावतीपुस्तक

मित्रांनो, आज कोपरखैरण्याच्या आमच्या जुन्या सोसायटीत भांडायला गेलो होतो. आई माझ्याकडे आल्यापासून तिच्या बंद घराचा मेंटेनन्स थकला. सोसायटीने थेट वकिलाची नोटीस पाठवली आणि वकिलाची फी आईच्याच बिलात लावली.

"काका, एक फोन करायचा ना!"

सेक्रेटरी म्हात्रेकाकांनी जुन्या ठरावाची वही पुढे सरकवली. "थकला की नोटीस, खर्च सभासदाचा. अनुमोदन कोनाचं हाय, वाच."

माझंच होतं.

बाबा खजिनदार असताना रविवारी पावतीपुस्तक घेऊन दारोदार जायचे. कुणी थकवलं तर चहा पिऊन परत यायचे. "विसरले असतील," म्हणायचे.

मी फी भरली. तो ठराव झाला त्या सभेत मी हात वर केला, तेव्हा बाबा शेजारीच बसले होते.

तुमच्याकडे अजून कुणी दार वाजवतं का?