‘थोडं कठीण जाईल’

बाबा गेल्यावर आई एकटी पडली, म्हणून मी पुणं सोडून आमच्या जंगलाकाठच्या गावी, पोंभुर्ण्याला, परत आले आणि घरूनच काम करू लागले. माझी टीम देशोदेशी विखुरलेली. उपग्रहाच्या चित्रांतून जंगलातली आग ओळखायची आणि नकाशावर लाल ठिपका दाखवायचा, हे आमचं काम. टीमची प्रमुख नेदरलँड्सची एक बाई होती. माझ्यासारखंच नकाशाचं काम करणारा एक जण ब्राझीलचा. प्रत्यक्षात मी कुणालाच भेटले नव्हते.

प्रमुखबाईच्या बोलण्याची मला धास्तीच होती. सगळ्यांसमोर सरळ म्हणायची, “हे चुकीचं आहे. पुन्हा कर.” एकदा आई शेजारी लाखोळीची डाळ निवडत बसली होती. तिला इंग्रजी येत नाही, पण सूर कळतो. कॉल संपल्यावर म्हणाली, “काऊन चिडते थे बाई तुह्यावर? मी पाहून राह्यलो का नाई!”

“चिडत नाही ग. तिचं बोलणंच तसं आहे,” मी म्हणाले. मनातून मात्र मलाही ते रागावणंच वाटत होतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका बैठकीत तिने नवी कल्पना मांडली. ठिपका दिसला की माणसाने तपासायची वाट न पाहता थेट त्या भागातल्या वनरक्षकांच्या मोबाइलवर सूचना जावी. मला आमची मोहाची झाडं आठवली. आमच्याकडे मोहफुलं पडायच्या दिवसांत बाया झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. जमीन मोकळी झाली की पहाटे पडलेली फुलं नजरेला येतात आणि विकायला वेचता येतात. ते धूर आमच्या नकाशावर हमखास ठिपके होऊन उमटणार होते.

“तुला काय वाटतं?” तिने मला विचारलं.

“आमच्या भागात थोडं कठीण जाईल,” मी म्हणाले. “पुढे पाहू.”

आमच्याकडे मुलीच्या स्थळाबद्दल कुणी ‘पुढे पाहू’ म्हटलं, की ऐकणारा चहा संपवून उठतो. ते नाही असतं, आणि समोरच्याला न दुखवता दिलेलं असतं. ती म्हणाली, “कठीण आहे, पण जमेल. छान.” मी “हो” म्हणाले. म्हणजे, तुझं ऐकलं. तिने त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि सूचना सुरू झाल्या.

एका सकाळी आमच्या गल्लीतल्या एका बाईला मोहाच्या झाडाखालून वनरक्षकांनी वनखात्याच्या नाक्यावर नेलं. दिवसभर बसवून ठेवलं. तोवर तिच्या झाडाखालची सगळी फुलं गुरांनी खाल्ली. संध्याकाळी ती आमच्या दारात आली. आईने कौतुकाने गल्लीभर सांगितलं होतं, की आपली पोरगी आभाळातून आग पाहते.

“तुनंच दाखवला का वं आमचा धुवा?” तिने मला विचारलं.

मी तिला आत बसायला सांगितलं. ती दारातच उभी राहिली आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बाया आमच्या दारावरून जाताना बोलणं थांबवू लागल्या.

पुढच्या कॉलवर मी हा विषय काढला. “या सूचना थेट पाठवायला मी नाही म्हटलं होतं,” मी म्हणाले.

“तू नाही म्हटलं नव्हतंस,” प्रमुखबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, तिला खरंच कोडं पडलं होतं. “थोडं कठीण आहे, म्हणालीस. त्यात नाही कुठे होतं?”

मी काय घडलं ते सांगितलं. आमच्याकडे तसं म्हणणं म्हणजेच नाही, हेही सांगितलं. मग तिने विचारलं, “पण त्या बायकांनी लावलेली आग पसरते का?”

पुन्हा गुळमुळीत बोलण्याचा मोह झाला, पण तो टाळला. “कधी कधी पसरते,” मी म्हणाले.

ब्राझीलच्या सहकाऱ्याने नंतर मला वेगळा संदेश पाठवला. ‘तू नाही म्हणतेयस हे मला तेव्हाच कळलं होतं. आमच्याकडेही असंच बोलतात. पण तुझ्या वतीने बोलणं बरं दिसेल का, म्हणून गप्प राहिलो.’ तो वाचून मला आधार वाटण्याऐवजी जास्तच एकटं वाटलं.

मोहाच्या दिवसांत लहान ठिपक्यांची सूचना पाठवायची नाही, असं ठरलं. प्रमुखबाईने मला बजावलं, “तुझं पहिलं वाक्य नाही असू दे. कारणं मागून सांग.” मी तशी सवय लावू लागले. ती सवय घरातही शिरली. आईने जेवायला वाढू का विचारलं तर मी नुसतंच ‘नको’ म्हणायचे, आणि तिचा चेहरा उतरायचा.

नियम बदलल्याचं सांगायला मी गल्लीतल्या त्या बाईकडे गेले. “बरं झालं,” एवढंच म्हणून ती सूप घेऊन आत गेली.

मोह संपत आला तेव्हा गावामागच्या टेकडीवर एक लहानसा ठिपका दिसला. नियमाप्रमाणे सूचना गेली नाही. दुपारच्या वाऱ्याने आग वर चढली आणि बांबूचा मोठा पट्टा जळाला. माणसं वाचली. आमच्या अंगणात राख उडून आली, ती आईने झाडली.

त्या दिवशीच्या कॉलवर मीच आधी बोलले. “आपला नवा नियम चुकला. आग उशिरा कळली.”

“मग काय करायचं?” प्रमुखबाईने विचारलं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. त्या टीममध्ये इतकं सरळ वाक्य मी पहिल्यांदाच बोलले असेन. “इथल्या बायकांना विचारावं लागेल.”

“त्या तुझ्याशी बोलतील?”

“सध्या नाही,” मी म्हणाले.

ब्राझीलच्या सहकाऱ्याने माइक सुरू केला आणि म्हणाला, “तरी विचारून पाहा.” मी हो म्हणाले, आणि या वेळी त्याचा अर्थ होच होता. बाहेर मात्र गल्लीतल्या बाया आमच्या दारावरून जाताना अजूनही बोलणं थांबवत होत्या.