कानमास्तरांची फेरी आणि दादाचं घोरणं

लिफ्टमध्ये शिरल्यावर डोळे मिटून उभा राहणारा माणूस तुम्ही पाहिला असेल, तर ते कानमास्तरच असणार. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. होते लिफ्ट-मेकॅनिक. पण लिफ्ट एकदा वर जाऊन खाली आली, की ते सांगायचे, "चौथ्या मजल्याचं दार घासतंय, आणि मोटरीला सर्दी झालीय." उघडून बघावं तर खरंच तसं. म्हणून नाव पडलं कानमास्तर. ते इतकं चिकटलं की घरच्या फोनवरही लोक तेच नाव विचारायचे आणि बायको सांगायची, "मास्तर अंघोळीला गेलेत. कान सोबत नेलेत, नाहीतर तुम्हाला दिले असते."

ही विद्या त्यांना कुणी शिकवली नव्हती. एका छपराखाली चौदा माणसं अशा घरात ते वाढले, आणि भिंती कागदासारख्या पातळ. कोण रुसलंय, कोण चोरून साखर खातंय, कुणाच्या पोटात दुखतंय, सगळं कानांनीच कळायचं. पुढे लिफ्टच्या धंद्यात पडल्यावर यंत्रांचे आवाज त्यांनी आपल्याच नातेवाइकांच्या नावावर लावून टाकले. ब्रेक खरवडत असेल तर 'सासऱ्यांचा खोकला'. दोर चाकावर सरकत असेल तर 'आत्याची धाप'. दार मिटता मिटता अडखळत असेल तर 'थोरल्या वहिनींचं हो-नाही'. कंपनीतले सगळे मेकॅनिक हीच भाषा बोलायला लागले होते. नवीन माणूस चार दिवस गोंधळायचा, पाचव्या दिवशी तोही म्हणायचा, "आज दवाखान्यातल्या लिफ्टला आत्या आलीय."

एकतीस वर्षं त्यांची बावीस लिफ्टची फेरी होती. दवाखाना, वाचनालय, दोन कचेऱ्या, नृत्यशाळा, एक वृद्धाश्रम, आणि उरलेल्या राहत्या इमारती. सकाळी आठला पिशवी खांद्याला मारून निघायचं, प्रत्येक मशीनरूममध्ये खिळ्याला टांगलेल्या वहीत दोन ओळी खरडायच्या, आणि पुढे. फेरी म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

आणि नेमकी तीच जायची वेळ आली.

झालं असं की मालक थकले आणि त्यांच्या मुलीनं कारभार हातात घेतला. सगळे तिला ताई म्हणायचे. कामाला वाघीण, डोकं सुपीक. पहिल्याच बैठकीत तिनं जाहीर केलं, "वह्या बंद. आता सगळ्या नोंदी क्लाउडवर."

"म्हणजे नेमकं कुठं?" कानमास्तरांनी विचारलं.

"असं समजा काका, आपले कागद दुसऱ्याच्या मोठ्या कपाटात ठेवले, आणि किल्ली आपल्या सगळ्यांच्या खिशात. कुठूनही उघडा."

"आणि कपाटवाला झोपला तर?"

"तो झोपतच नाही, काका. चोवीस तास जागा."

"मग त्याच्या घरी तान्हं मूल असणार."

सगळे हसले. ताईही हसली, पण मुद्दा सोडला नाही. फोन ज्याचा त्याचा, ॲप कंपनीचं. एक तारखेपासून जो ॲपवर नाही त्याची फेरी दुसऱ्याला, आणि तो गोदामात, सुट्या भागांच्या खोलीत, खुर्चीवर.

कानमास्तरांकडे बटणांचा फोन होता, तोही रबर बँड लावलेला. घरी येऊन ते पिशवीसकट पलंगावर बसले. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, मग घेऊ या की नवा फोन. दिवसा तुमचा, संध्याकाळी आणि रविवारी माझा. मलाही कधीचा हवाय."

"तुला कशाला?"

"ते तुम्हाला कशाला?"

फोन आला. ॲप चढवताना त्यानं एकामागून एक प्रश्न विचारले. फोटो बघू का, माइक वापरू का, रेकॉर्डिंग वर चढवू का. कानमास्तर प्रत्येकाला 'हो' म्हणत गेले. बायकोनं डोळे मोठे केले, "अहो, वाचा तरी!" तर म्हणाले, "इतक्या अदबीनं विचारतोय बिचारा. नाही कसं म्हणायचं?"

पहिले पंधरा दिवस गाडी अडखळतच चालली. ॲपमध्ये बिघाडांची यादी होती, चाळीस नावांची, आणि तिच्यात ना आत्या होती ना सासरे. यादीच्या तळाशी मात्र 'इतर' असा एक पर्याय होता. कानमास्तरांनी त्याच्याशीच सोयरीक केली. दार दुरुस्त केलं, इतर. ग्रीस भरलं, इतर. दिवा बदलला, इतर. मग एके दिवशी ताईनं त्यांना बोलावून स्क्रीन दाखवली.

"काका, बावीस लिफ्ट, एकसष्ट नोंदी, आणि सगळ्या इतर. यातून मी काय ओळखू?"

"ताई, खरं सांगू? माझं ज्ञान कानात आहे. ते यादीत बसत नाही."

"मग कानातलंच द्या. आवाज रेकॉर्ड करा." ताईनं स्क्रीन बाजूला सारली. "स्पष्टच बोलते. तुमचं ज्ञान तुमच्याबरोबर घरी जाऊन चालणार नाही. महिनाभर आवाज भरा. मग आपली नवी मेकॅनिक तुम्हाला फोन न करता, फक्त ते आवाज ऐकून एक बिघाड दूर करून दाखवेल. तिला जमलं, तर फेरी तुमची. नाही जमलं, तर यादी भरणाऱ्याला फेरी द्यावी लागेल. मग तुम्ही गोदामात."

नवी मेकॅनिक म्हणजे नुकतीच रुजू झालेली एक चुणचुणीत बाई. तीन जिने एका दमात चढायची आणि वर पोचल्यावर धाप न लागता बोलायची. कानमास्तरांना ती आवडली होती. पण आता आपली फेरी हिच्या कानांवर टांगलेली आहे, या विचारानं त्यांना घास गोड लागेना.

ते झपाटल्यासारखे कामाला लागले. लिफ्टच्या दाराला फोन लाव, मोटरीजवळ धर, दोराखाली धर. प्रत्येक फाईलला नाव द्यायचं, आणि शेवटी दोन शब्द बोलायचे: 'हा सासऱ्यांचा खोकला. ब्रेक उघडून बघा.' महिनाभरात ऐंशी आवाज क्लाउडच्या कपाटात जाऊन बसले.

आता घरचं ऐका. रविवारी फोन बायकोकडे. आणि रविवारी जेवायला तिचा थोरला भाऊ यायचा, म्हणजे कानमास्तरांचा मेव्हणा. जेवण झालं की बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर असा घोरायचा की कपाटावरचे पेले किणकिणत. उठल्यावर मात्र ठणकावून सांगायचा, "मी? आणि घोरतो? उगाच बदनामी करू नका." बहिणीला पुरावा हवा होता. एका रविवारी तिनं फोन त्याच्या नाकाशी धरला, अर्धा मिनिट रेकॉर्ड केलं, आणि हळूच म्हणाली, "ऐका आता. आतून सगळं कोरडं पडलंय. दोन थेंब तेल सोडलं तर गप्प बसेल." फाईलला नाव दिलं, 'दादाचं घोरणं'. जेवणाच्या टेबलावर लावून दाखवली. दादा म्हणाला, हा कुठल्या तरी यंत्राचा आवाज आहे. विषय संपला.

संपला कुठला? फोननं अदबीनं विचारून ठेवलेलंच होतं. फाईल चढली कंपनीच्या कपाटात.

महिना संपला. एका गुरुवारी सकाळी वृद्धाश्रमातून तक्रार आली की लिफ्ट घुरघुरतेय. ताईनं नव्या मेकॅनिकला पाठवलं आणि कानमास्तरांना कचेरीतच बसवून ठेवलं, फोन बंद करून. दोन तास ते चहाच्या रिकाम्या कपाकडे बघत बसले. अकराला ती परतली, ती नाचतच.

"जमलं! मोटरीच्या टोकाच्या बेअरिंगचा आवाज होता. मी एकेक फाईल लावून पडताळली. अगदी हुबेहूब सापडली. त्यात कारणही सांगितलंय, उपायही. आतून कोरडं पडलंय म्हणून. मी ग्रीसगननं ग्रीस भरलं, दोन मिनिटांत गप्प!"

ताईचा चेहरा फुलला. "सगळ्यांना बोलवा. ऐकवू या."

बारा मेकॅनिक, मालक, ताई, सगळे एका खोलीत. ताईनं फाईल लावली. घुर्र... फूस... घुर्र... फूस. आणि मग खणखणीत आवाज, "आतून सगळं कोरडं पडलंय. दोन थेंब तेल सोडलं तर गप्प बसेल."

टाळ्या पडल्या. एकानं पाठ थोपटली, "मास्तर, फेरी तुमची!" ताई म्हणाली, "काका, हा आवाज कुणाचा? तुम्ही कुणी तज्ज्ञ बाई आणल्या होत्या का?"

कानमास्तरांनी आवाज केव्हाच ओळखला होता. तज्ज्ञ बाई त्यांनी तीस वर्षांपूर्वीच घरी आणली होती. आता नुसतं मान डोलावून बसलं, की फेरी खिशात. कुणाला काय कळणार? आवाज जुळला, लिफ्ट गप्प झाली, सगळे खूश.

पण डोक्यात एक किडा वळवळू लागला. वृद्धाश्रमाचं ते बेअरिंग. त्यात त्यांनी स्वतः ग्रीस भरलं होतं. कधी? मागच्या फेरीला. तीन आठवडेही झाले नसतील. तीन आठवड्यांत कोरडं पडायचं काहीच कारण नव्हतं. पडलंय म्हणजे ग्रीस कुठून तरी बाहेर जातंय. आज भरलेलंही जाईल. आणि त्या लिफ्टनं दिवसभर म्हातारी माणसं वरखाली करतात, चाकाच्या खुर्च्यांसकट.

ते उभे राहिले. "ताई, ती लिफ्ट आधी बंद करायला सांगा. आत्ता. मग मी सांगतो."

ताईनं त्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि फोन लावला. लिफ्ट बंद झाली. मग कानमास्तरांनी घसा साफ केला.

"ते बेअरिंग नाही. तो माझा मेव्हणा आहे."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"रविवारी जेवून झोपला होता. आणि त्या तज्ज्ञ बाई म्हणजे माझी बायको."

आधी मालक हसले. मग सगळी खोली फुटली. एक जण खुर्चीवरून घसरला, दुसऱ्यानं डोळे पुसले. नवी मेकॅनिक मात्र लाल झाली. "म्हणजे मी... तुमच्या मेव्हण्यावरून..."

"तुझी काही चूक नाही. आवाज तोच आहे, मी शपथेवर सांगतो. पण फाईल चुकीची आणि उपायही अर्धा." त्यांनी ग्रीसची गोष्ट सांगितली. "म्हणजे परीक्षा फसली, ताई. आता गोदाम तर गोदाम. पण आधी मला तिथं जाऊ द्या."

तिघंही गेले: कानमास्तर, नवी मेकॅनिक आणि ताई. मशीनरूममध्ये बेअरिंगमागे हात घालून कानमास्तरांनी बोटं बाहेर काढली, तर बोटांवर सकाळचं ताजं ग्रीस. रबरी सील फाटलं होतं. खाली फरशीवर ओघळ, आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर ओरखडे. अजून आठवडाभर चाललं असतं, पुढचं सांगता आलं नसतं. खाली जिन्यापाशी एक आजीबाई चाकाच्या खुर्चीत बसून विचारत होत्या, "अहो, होतंय का? वर माझा पत्त्यांचा डाव मांडून ठेवलाय." ताईनं स्वतः त्यांना चहा आणून दिला. संध्याकाळी चारपर्यंत नवं बेअरिंग बसलं.

परतताना कानमास्तर गाडीत मागं बसले होते. ताई पुढून म्हणाली, "काका, एक विचारू? ग्रीस भरलं तेव्हा ॲपमध्ये काय निवडलं होतंत?"

"इतर."

"'ग्रीस' निवडलं असतंत, तर सकाळी हिनं परत ग्रीस लिहिल्याबरोबर ॲपनं लाल खूण दाखवली असती. तीन आठवड्यांत दोनदा म्हणून."

कानमास्तरांनी कपाळाला हात लावला. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. वहीतलं पान उलटल्यावर मागचं दिसायचं, तसंच हे. फक्त पान आपोआप उलटत होतं, आणि यांनीच त्याला गोंद लावून ठेवला होता.

"चुकलं," ते म्हणाले. "मी त्याला वहीपेक्षा कमी समजलो."

"आणि मी तुमचे कान फाईलमध्ये मावतील असं समजले," ताई म्हणाली. "फाईल जुळली, पण तीन आठवडे मोजले ते तुम्ही. तेही फेरी जायची भीती असताना बोललात. फेरी तुमचीच, काका. हिला रोज सोबत घ्या. पण यादी भरायची, रोज."

"चाळीसच्या चाळीस नावं पाठ करतो."

दुसऱ्या दिवशी ताईनं सगळ्यांच्या फोनमध्ये कामाचा कप्पा वेगळा करून घेतला, म्हणजे घरचं घरी आणि कंपनीचं कंपनीत. कानमास्तरांच्या फोनमधून कपाटात गेलेल्या घरगुती फायली तिनं त्यांच्यासमोर एकेक काढून टाकल्या. अकरा होत्या. एकीत बायको भाजीवाल्याशी भांडत होती, एकीत नात शिंकत होती. 'दादाचं घोरणं' पुसायची वेळ आली तेव्हा ताईनं घरी फोन लावला. "काकू, ही पण काढते हं. तुमची खासगी आहे."

पलीकडून काकू म्हणाल्या, "काढा की. पण आधी कागदावर लिहून द्या, की कंपनीच्या मेकॅनिकनं ते घोरणंच समजून..."

"नाही काकू, तिनं ते बेअरिंग समजलं."

"अगं बाई, मग तर दादा जिंकला!"

कानमास्तरांना हसू आवरेना. त्यांनी पिशवी खांद्याला मारली आणि दारात वाट बघणाऱ्या नव्या मेकॅनिकला म्हणाले, "चल ग. आधी वाचनालय. तिथली लिफ्ट गेले दोन दिवस काहीतरी पुटपुटतेय, आणि काय म्हणतेय ते मला अजून समजलेलं नाही."